पिशवीतले रंगीत बी, कणगीतले पांढरे बी

गेल्या जानेवारीत जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातल्या एका रानात आम्ही हुरड्याला बसलो होतो. आगटीत गोवऱ्या फुललेल्या, शेजारी शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. घरच्या पोराने बांधाकडेची चार कणसे खुडून आणली. त्यातल्या एका कणसाचे दाणे त्याने सहज दोन बोटांत चिमटले आणि बोटे काळीकुट्ट झाली. दाण्यात दूधही नव्हते आणि पीठही नव्हते, नुसती काजळी होती. “काणी आहे ती, टाक तिकडं,” शेतमालक म्हणाले आणि पुढचे कणीस भाजायला घेतले.

पोराने विचारलेला प्रश्न मात्र टाकून देण्यासारखा नव्हता. ताट तर बाकीच्यांसारखेच उंच होते, पाने हिरवी होती, कुठे डाग नाही की पिवळेपणा नाही. शेजारचे कणीस मोत्यासारखे भरलेले. जमीन एक, पाऊस एक, पेरणीचा दिवसही एक. मग हे एकच कणीस असे का? आणि हा रोग आला तरी कधी?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी चकित झालो होतो. काणी जानेवारीत दिसते, पण त्या ताटाचा निकाल ऑक्टोबरातच, बी जमिनीखाली असताना लागलेला असतो. आणि त्याची तयारी त्याच्याही आधी, गेल्या वर्षीच्या खळ्यावर झालेली असते.

खळ्यावर उडालेली काजळी

काणीचा तो दाणा जवळून पाहावा. चांगल्या दाण्यापेक्षा तो किंचित लांबट, टोकाला निमुळता आणि राखाडी असतो. वर पातळ पापुद्रा, आत काळी भुकटी. या भुकटीचा एकेक कण म्हणजे बुरशीचे एकेक बीज. शास्त्रात त्याला बीजाणू म्हणतात. बीजाणू इतका बारीक असतो, की शंभरएक बीजाणू एका ओळीत मांडले तरी ती ओळ एक मिलिमीटरही भरत नाही. एका काणीदार दाण्यात असे लाखो असतात.

रानात उभ्या कणसात हा पापुद्रा बहुधा शाबूत राहतो. फुटतो तो मळणीत. पूर्वी बैलांच्या पायाखाली फुटायचा, आता मळणीयंत्रात फुटतो. काळी धूळ उडते आणि शेजारच्या निरोगी दाण्यांवर बसते. डोळ्यांना काहीच दिसत नाही. ज्वारी पांढरीशुभ्रच राहते, तिची भाकरीही चांगली होते. त्याच राशीतली चार पायल्या ज्वारी बियाण्यासाठी कणगीत जाते आणि तिच्या अंगावर बसलेले बीजाणूही तिच्याबरोबर कोरड्यात सुरक्षित राहतात.

पुढच्या हंगामात वापसा आला, की तिफणीच्या चाड्यातून बी जमिनीत पडते. ओल मिळाली की बी फुगते, आणि तीच ओल मिळाल्याने अंगावरचा बीजाणूही जागा होतो. आता शर्यत लागते. कोंबाला माती फोडून वर यायचे असते आणि बुरशीच्या धाग्याला त्याआधी कोवळ्या कोंबात शिरायचे असते. कोंब एकदा वर आला आणि त्याची साल निबर झाली, की या बुरशीला दार बंद. म्हणजे तिला मोजके काही दिवसच मिळतात. बी खोल पडले किंवा उगवण रेंगाळली, तर दार जास्त वेळ उघडे राहते.

ज्या कोंबात धागा शिरला, त्याच्या शेंड्याबरोबर तो वर वर चढत जातो. ताट वाढते तसा तोही वाढतो, पण गुपचूप, ताटाला फारसा त्रास न देता. म्हणून तीन महिने काही कळत नाही. कणीस निसवले की मात्र तो दाण्याच्या जागेवर हक्क सांगतो. दाणा भरायला आलेले सगळे अन्न त्याच्या पोटात जाते आणि दाण्याच्या जागी पुन्हा काळ्या भुकटीची पिशवी तयार होते. पुढच्या मळणीत ती फुटते आणि चक्र पुन्हा सुरू होते.

हे एकदा समजले की इलाज कुठे करायचा हेही समजते. जानेवारीत कणसावर काहीही फवारले तरी उपयोग नाही, कारण रोग तेव्हा आत मुरलेला असतो. हे चक्र तोडण्यासारखी सर्वात सोपी जागा म्हणजे पेरणीआधीचे बी. तिथे शत्रू बियाच्या अंगावर, उघड्यावर, झोपलेला असतो.

सोळा ग्रॅमचा पहारा

ज्वारीच्या या काणीसाठी, म्हणजे दाणे काणीसाठी, आपल्याकडची जुनी, अजूनही चालणारी शिफारस अशी: एक किलो ज्वारीला ३०० मेश गंधकाची ४ ग्रॅम भुकटी चोळावी. ३०० मेश म्हणजे ज्या चाळणीच्या एका इंचात ३०० छिद्रे असतात, तिच्यातून गाळलेली भुकटी. ती मैद्यासारखी मऊ असते. एकरी ४ किलो बी धरले, तर एका एकराला १६ ग्रॅम गंधक लागते. चहाचे चार-पाच चमचे.

एवढ्याशा भुकटीने एकरभर रान कसे राखले जाते, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ज्वारीचे हजार दाणे साधारण ३० ते ३५ ग्रॅम भरतात, म्हणजे किलोत तीसेक हजार दाणे. ४ ग्रॅम गंधक तेवढ्यांत वाटले, की एका दाण्याच्या वाट्याला एक मिलिग्रॅमच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतके येते. पण बीजाणूही दाण्याच्या अंगावरच असतो, त्याला गाठायला रानभर हिंडावे लागत नाही. उभ्या पिकावर फवारणी करणे म्हणजे अख्ख्या गावाला गस्त घालणे. बीजप्रक्रियेत पहारेकरी नेमका त्या एका दारात उभा असतो, तेही दार उघडे असेल तेवढेच दिवस.

गंधकाचा कण बीजाणूत उतरला की त्याच्या श्वसनाची साखळी बिघडवतो. जागा होऊ पाहणारा बीजाणू शक्ती तयार न झाल्याने तिथेच विझतो. ज्वारीच्या अंकुराला मात्र या मात्रेत इजा होत नाही. बीजप्रक्रियेच्या औषधाची खरी परीक्षा हीच असते: बुरशी मरावी आणि बी जगावे. शेवटी दोघेही सजीव, एकमेकांना चिकटलेले. एकाला मारताना दुसऱ्याला वाचवायचे, हे दिसते तितके सोपे नाही आणि माणसाला ते जमायला दोनशे वर्षे लागली आहेत.

बुडालेले जहाज आणि तांब्याचे भांडे

इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात ब्रिस्टलजवळ गव्हाचे एक जहाज बुडाले. खाऱ्या पाण्यातून काढलेला तो गहू खाण्याजोगा राहिला नव्हता, म्हणून लोकांनी तो पेरला. त्या वर्षी आजूबाजूच्या गव्हावर काणी आली, पण या गव्हावर आली नाही. जेथ्रो टल या शेतीलेखकाने ही हकिगत नोंदवली आणि बी मिठाच्या पाण्यात भिजवण्याची रीत तिकडे रूढ झाली. का होते, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. काणी म्हणजे धुक्याचा, खराब हवेचा परिणाम असेच बहुतेकांना वाटे.

१७५५ मध्ये फ्रान्समध्ये तिए यांनी वाफे आखून प्रयोग केले. काही वाफ्यांत काळी भुकटी चोळलेले बी, काहींत स्वच्छ बी. भुकटी चोळलेल्या वाफ्यांत रोग जास्त आला. हवेवरचा आळ तिथे खोटा ठरला. पुढे १८०७ मध्ये बेनेदिक्त प्रेव्हो यांनी ही भुकटी सजीव आहे आणि तिचे कण पाण्यात अंकुरतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दाखवले. त्यांना एक गंमत आढळली. तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यात हे कण अंकुरत नव्हते. त्यावरून बी मोरचुदाच्या पाण्यात बुडवण्याची पद्धत निघाली. तांब्याच्या भांड्यात पाणी भरून ठेवणाऱ्या आपल्या घरांना यात फार नवल वाटू नये. सूक्ष्मजीवांना तांबे मानवत नाही, हे सूत्र दोन्हीकडे तेच.

आपल्या ज्वारीच्या काणीवर बारकाईने काम केले ते जी. एस. कुलकर्णी यांनी. मुंबई इलाख्यातल्या ज्वारीच्या काण्यांवरची त्यांची पुस्तिका १९१८ मध्ये पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेने छापली. त्याआधी १९१३ मध्ये बाजरीच्या गोसावी रोगावरची त्यांची निरीक्षणेही प्रसिद्ध झाली होती. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होता, इलाख्यात नव्हता. पण काणीला सरहद्द नसते.

मोरचूद बुरशीला मारतो, पण मात्रा किंवा वेळ चुकली तर बियाचा अंकुरही भाजतो. शिवाय बी ओले होते, ते वाळवावे लागते आणि तेवढ्यात वापसा गेला तर पेरणी हुकते. कोरड्या गंधकात ही कटकट नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घाईला ते मानवणारे होते, म्हणून ते टिकले, असे मला वाटते.

चोर घरात शिरलेला असेल तर?

गव्हाची मोकळी काणी, म्हणजे काजळी, हे मात्र वेगळे प्रकरण आहे. गव्हाच्या रानात ओंब्या निसवताना एखादी ओंबी काळी निघते. वाऱ्याने भुकटी उडून जाते आणि आठ दिवसांत नुसती काडी उरते. ही भुकटी शेजारच्या ओंब्यांवर पडते तेव्हा त्या फुलोऱ्यात असतात. बीजाणू फुलात रुजतो आणि त्याचा धागा तयार होणाऱ्या दाण्याच्या आत, थेट गर्भात जाऊन झोपतो. दाणा पूर्ण भरतो, तजेलदार दिसतो. हातात घेतला, भिंगाखाली धरला, तरी काही कळत नाही.

इथे गंधक चोळून काय होणार? पहारेकरी दारात उभा आणि चोर आधीच माजघरात निजलेला.

डेन्मार्कच्या येन्सेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गरम पाण्याची युक्ती काढली. बी आधी साध्या पाण्यात चार-पाच तास भिजवायचे, म्हणजे आतली बुरशी जागी होते. झोपलेली बुरशी उष्णता सोसते, जागी झालेली सोसत नाही. मग सुमारे ५२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवायचे. यात बुरशी मरते आणि बी वाचते. पण दोन अंश जास्त झाले तर बीही मरते, आणि दोन अंश कमी पडले तर बुरशी जगते. चुलीवरच्या हंड्यात हे सांभाळणार कोण?

यावरचा आपल्या देशातला तोडगा फार सुंदर आहे. १९३४ मध्ये पंजाबात लुथरा आणि सत्तार यांनी चूलच काढून टाकली आणि सूर्याला कामाला लावले. मे-जूनच्या कडक उन्हाच्या दिवशी सकाळी आठ ते बारा बी पाण्यात भिजवायचे आणि दुपारी बारा ते चार फरशीवर किंवा अंगणात पातळ पसरून वाळवायचे. सकाळी बुरशी जागी होते, दुपारच्या उन्हात भाजून निघते. खर्च शून्य. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात असे ऊन मागावे लागत नाही. बियाणे चांगले खडखडीत वाळवून साठवले, की नोव्हेंबरच्या पेरणीला तयार.

रसायनशास्त्राने याच कोड्याचे उत्तर १९६६ मध्ये दिले. त्या वर्षी कार्बोक्सिन हे नवे औषध जगापुढे आले. त्याआधीची औषधे अंगावर बसून राहणारी, म्हणजे स्पर्शजन्य होती. कार्बोक्सिन बी फुगताना पाण्याबरोबर आत शिरते आणि गर्भातल्या बुरशीपर्यंत पोचते. अशा औषधांना आंतरप्रवाही म्हणतात. प्रत्येक पेशीत अन्नातून शक्ती काढणारी छोटी भट्टी असते. कार्बोक्सिन बुरशीच्या भट्टीतले एक नेमके विकर अडवते. गव्हाला त्या मात्रेत धक्का लागत नाही, पण काजळीच्या बुरशीची भट्टी विझते.

प्रमाणित बियाण्याच्या नियमांतही या रोगाची धास्ती दिसते. गव्हाच्या प्रमाणित बीजोत्पादनाच्या शेतात काजळीच्या ओंब्या अर्ध्या टक्क्याहून जास्त आढळल्या, तर ते शेत नापास होते. दाणे पाहून रोग कळत नाही, म्हणून तपासनीसाला उभ्या पिकातच जावे लागते.

बाजरीतला गोसावी

भोकरदन-जाफराबादकडे एखाद्या जुन्या शेतकऱ्याला बाजरीचा केवडा विचारला तर तो ‘गोसावी’ म्हणेल. नाव अगदी चपखल आहे. या रोगात कणसात दाण्यांऐवजी हिरव्या बारीक पानांचा गुंताडा तयार होतो, जटा वाढवलेल्या गोसाव्यासारखा. कोवळ्या रोपाची पाने पिवळी पडतात आणि पहाटे त्यांच्या खालच्या बाजूला पांढरी लव दिसते.

गोसाव्याचे बीजाणू बियाबरोबर येतात, आणि जमिनीतही काही वर्षे तग धरून राहतात. म्हणून इथे नुसते बी स्वच्छ करून भागत नाही. उगवलेल्या रोपालाच महिनाभर संरक्षण लागते. आणखी एक अडचण आहे. हा जीव बुरशीसारखा दिसतो, बुरशीसारखा वागतो, पण जीवशास्त्राच्या वंशावळीत तो खऱ्या बुरशीचा नव्हे, शेवाळांचा लांबचा नातेवाईक आहे. त्यामुळे कार्बेन्डाझिमसारखी औषधे, जी खऱ्या बुरशीच्या पेशींची विभागणी थांबवतात, ती गोसाव्यावर चालत नाहीत. औषध महाग होते, कंपनीचे होते, भरपूर चोळले होते, तरी रोग आला, अशी तक्रार कानावर येते तेव्हा मी आधी विचारतो, औषध कोणत्या रोगाचे होते?

गोसाव्यासाठीचे औषध मेटॅलॅक्सिल. ते सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस आले. बियावर चोळले की मुळांवाटे रसात मिसळून कोवळ्या पानांपर्यंत चढते आणि या जीवाला स्वतःची प्रथिने घडवण्यासाठी लागणारा आरएनए हा रेणू तयार करू देत नाही. ते यायच्या आधी, पासष्ट सालानंतर देशात संकरित बाजरी पसरली आणि सत्तरीच्या दशकात गोसाव्याने तिला वारंवार झोडपले. एकच वाण सगळीकडे पेरला गेला, की त्याचे कुलूप उघडणारी किल्ली रोगाला एकदाच शोधावी लागते. औषधाचेही तसेच आहे. एकाच जागी घाव घालणारे औषध वर्षानुवर्षे एकटेच वापरले तर त्याला न जुमानणारे जीव मागे उरतात आणि वाढतात. म्हणून सहनशील वाण, बीजप्रक्रिया आणि रोगट रोपे उपटून काढणे ही तिन्ही कामे बरोबर चालली पाहिजेत.

बाजरीच्या आणखी एका रोगाला, अरगटाला, तर औषधाआधी मीठच पुरते. १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात बी टाकायचे. अरगटाच्या काळपट गाठी आणि पोचट दाणे हलके असल्याने तरंगतात. ते काढून नष्ट करायचे, तळाचे बी दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे.

चौकट : कोणत्या रोगाला काय?

ज्वारी, दाणे काणी आणि मोकळी काणी: रोग बियाच्या अंगावर. ३०० मेश गंधक ४ ग्रॅम किंवा थायरम हे बुरशीनाशक ३ ग्रॅम, प्रति किलो बी.

गहू, काजळी: रोग बियाच्या गर्भात. कार्बोक्सिन आणि थायरम यांचे तयार मिश्रण ३ ग्रॅम प्रति किलो, किंवा उन्हाळ्यातली सूर्यप्रक्रिया.

बाजरी, गोसावी: रोग बियात आणि जमिनीत. मेटॅलॅक्सिल ३५ टक्के, ६ ग्रॅम प्रति किलो.

ज्वारी, लांब काणी आणि झिपरी काणी: लांब काणी वाऱ्यावरून थेट फुलोऱ्यात येते, झिपरी काणी मुख्यतः जमिनीतून. बियाला औषध चोळून या दोन्ही पुरत्या थांबत नाहीत. रोगट कणसे पिशवी घालून काढावीत व जाळावीत, पिकाची फेरपालट करावी.

क्रम: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी ॲझोटोबॅक्टरसारखे जिवाणू संवर्धन. उलटा क्रम झाला तर जिवाणूंचाच बळी जातो.

रंग कोणासाठी?

आता विकतच्या बियाण्याच्या पिशवीतल्या रंगाकडे. मक्याचे बी लालभडक, बाजरीचे गुलाबी, कुठे हिरवे, कुठे निळे. कित्येकांना वाटते की रंग म्हणजे औषधाचाच गुण, जितका गडद तितका कडक. तसे नाही. थायरम किंवा गंधक स्वतः काही लाल नसते. रंग मुद्दाम मिसळलेला असतो आणि तो माणसाच्या डोळ्यांसाठी असतो. हे धान्य राहिलेले नाही, हे आता फक्त बी आहे, एवढाच त्याचा निरोप.

हा निरोप न पोचल्याने काय होते, ते जगाने इराकमध्ये पाहिले. १९७१ च्या शरद ऋतूत दुष्काळाने गांजलेल्या इराकी शेतकऱ्यांना परदेशातून आणलेले गहू आणि बार्लीचे बियाणे वाटले गेले. ते पाऱ्याच्या एका अतिविषारी संयुगाने माखलेले होते. पोत्यांवरचा इशारा स्पॅनिश आणि इंग्रजीत होता. अनेक ठिकाणी बियाणे पोचेपर्यंत पेरणी उरकून गेली होती. घरात खायला धान्य नव्हते आणि दारात पोती उभी होती. काहींनी ते धुतले. रंग निघून गेला, तेव्हा विषही गेले असे वाटले. काहींनी आधी कोंबड्यांना घालून पाहिले. कोंबड्या चार दिवस चांगल्या राहिल्या, कारण हे विष लगेच नाही, काही आठवड्यांनी आपले रूप दाखवते. मग बायकांनी त्याच्या रोट्या केल्या. हात-पाय बधिर होणे, तोल जाणे, दिसेनासे होणे. ६,५३० माणसे रुग्णालयांत दाखल झाली आणि त्यांतली ४५९ दगावली. घरीच गेलेल्यांची गणती या आकड्यांत नाही.

ही माहिती पहिल्यांदा वाचली तेव्हापासून रंगीत बी पाहिले की मला त्या रोट्या आठवतात. त्या शेतकऱ्यांत अडाणीपणा नव्हता, त्यांनी आपल्या परीने दोनदा खात्री करून घेतली होती. चूक निरोप धाडणाऱ्यांची होती: भाषा परकी, रंग धुतला जाणारा, वेळ चुकलेली.

पाऱ्याची बीजप्रक्रिया आपल्याकडेही होती. थोरल्या पिढीतल्या शेतकऱ्यांना ‘ॲग्रोसान’ हे नाव आठवत असेल. पाऱ्याचे बियाण्यासाठीचे अखेरचे औषध आपल्या देशात २०१८ च्या केंद्रीय आदेशाने बंद झाले. आजची औषधे त्या मानाने पुष्कळ सौम्य आहेत, पण ती खाण्याची वस्तू नव्हेत. १९६८ च्या बियाणे नियमांनुसार प्रक्रिया केलेल्या बियाण्याच्या पिशवीवर औषधाचे नाव आणि ‘अन्न, चारा किंवा तेलासाठी वापरू नये’ ही सूचना छापावीच लागते. पेरून उरलेले मूठभर बी म्हणून कोंबड्यांपुढे टाकू नये, धुऊन दळू नये, आणि ती पिशवी घरात डाळ-तांदूळ भरायला घेऊ नये. ही पिशवी जाड, चकचकीत, टिकाऊ असते आणि घराला तिचा मोह पडतो. तिला कात्रीने आडवे कापून टाकले की मोहाचे कारणच उरत नाही.

बियाण्याच्या गावातले घरचे बी

जालन्याची ओळख बियाण्याचे गाव अशी आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको ही कंपनी सुरू केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि एकामागून एक बियाणे कंपन्या या परिसरात उभ्या राहिल्या. जिल्ह्यातले अनेक शेतकरी स्वतः कंपन्यांसाठी बीजोत्पादन घेतात. त्यांनी पिकवलेले बी प्रक्रिया केंद्रात जाते. तिथे ते चाळले जाते, हलके-जड वेगळे होते, मग फिरत्या पिंपात त्याच्यावर औषध, रंग आणि चिकट द्रवाची बारीक फवार पडते. हा द्रव वाळला की दाण्यावर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ थर बसतो. त्यामुळे औषध पेरणाऱ्याच्या नाका-डोळ्यांत उडत नाही, आणि प्रत्येक दाण्याला जवळपास सारखे मिळते. नंतर बी पुन्हा वाळवून पिशवीत भरले जाते.

म्हणजे विकतच्या मक्याला, बाजरीला जी काळजी मिळते ती शिस्तीत मिळते. या शिस्तीबाहेर राहते ते रब्बीच्या ज्वारीचे बी. मालदांडी किंवा परभणी मोतीसारखे वाण संकरित नाहीत. त्यांचे बी घरच्या राशीतून वर्षानुवर्षे धरता येते, आणि धरावेच. शेतकऱ्याचा तो हक्कही आहे आणि शहाणपणही. पण कणगीतले बी कोणत्याही पिंपातून जात नाही. काणीला याहून सोयीचे घर नाही. हुरड्याला आमच्या हाती आलेले ते काळे कणीस अशाच बियाचे होते. ज्या जिल्ह्यातून रंगीत बियाण्याच्या पिशव्या दूरदूरच्या राज्यांत जातात, त्याच जिल्ह्यात १६ ग्रॅम गंधकावाचून ज्वारी काळी पडावी, हे मला मनापासून खटकते.

आणि हे काम पाच-दहा मिनिटांचे आहे. पेरणीच्या आदल्या दिवशी एक मडके किंवा झाकणाचा डबा घ्यावा. दोन तृतीयांश भरेल इतकेच बी टाकावे, वरची जागा मोकळी सोडावी. दाणे उसळले पाहिजेत, नुसते सरकून भागत नाही. मोजलेले गंधक टाकून तोंड बांधावे आणि पाच ते दहा मिनिटे डबा आडवा-उभा घोळवावा. मूठभर बी तळहातावर घेऊन उन्हात पाहावे. प्रत्येक दाण्यावर फिकट पिवळी साय दिसली तर झाले, पांढरे दाणे दिसले तर आणखी घोळवावे. हातात मोजे, नाका-तोंडाला रुमाल. स्वयंपाकातला डबा किंवा चमचा यासाठी घेऊ नये, आणि काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये. हात लावून कसे करायचे ते प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर जालन्याजवळ खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र आहे.

याआधीचे एक काम मात्र मळणीपूर्वीच करायचे असते. बियाण्यासाठीची कणसे राशीतून घेऊ नयेत. उभ्या रानात फिरून निरोगी, भरदार कणसे निवडावीत, वेगळी खुडावीत आणि त्यांची मळणी यंत्राकडे न नेता काठीने वेगळीच झोडपून करावी. आणि फिरताना काणीचे कणीस दिसले, तर त्याच्यावर आधी पिशवी चढवावी आणि मगच ते कापावे, नाहीतर हिसक्याने पापुद्रे फुटून भुकटी वाऱ्यावर जाते.

त्या दिवशी बांधाकडे फेकलेले कणीस पोराने परत उचलून आणले. त्याच्याकडे पिशवी नव्हती, डोक्यावरची टोपी होती. टोपीत गुंडाळून त्याने ते आगटीत टाकले, टोपीसकट.